औषधवाल्याचं इंग्रजी

उन्हाळा चढला आणि गुलाबांवर लाल कोळी पडला. पानाच्या पाठीवर आधी पिवळे ठिपके येतात, मग बारीक जाळं धरतं, मग पान हाताला खरखरीत लागतं. औषधवाल्याला ठिपके दिसायच्या आधीच कळलं होतं. सकाळच्या फेरीत तिसऱ्या शेडमधलं एक पान त्याने बोटांत चोळलं आणि स्वतःशीच म्हणाला, "आले लेकाचे." तेव्हापासून त्याला बसायला फुरसत नव्हती. पाठीवर पंप, तोंडाला मास्क, डोक्यावर प्लास्टिकचं तापलेलं छप्पर. दुपारपर्यंत बुटात घाम साचायचा आणि चालताना पचपच वाजायचा. नेमकं त्याच आठवड्यात सुपरवायझरने इंग्रजीचं खूळ काढलं.

सुपरवायझर तसा वाईट नव्हता. तिशीच्या आतबाहेरचा, इस्त्रीचा शर्ट घालणारा, सगळ्यांना काका-मावशी म्हणणारा. पण काका म्हणून एखाद्याचा पाणउतारा करायची कला त्याला उपजतच होती. पॅकिंगच्या बायका जेवून हात धूत होत्या, तेवढ्यात तो एक डबा घेऊन आला आणि सगळ्यांदेखत औषधवाल्याच्या हातात दिला.

"काका, जरा वाचून दाखवा."

औषधवाल्याने डबा फिरवला. "निळ्या झाकणाचं आहे. कोळ्याचं. टाकीला दोन झाकणं."

"ते माहितीये. पण लिहिलंय काय?"

"जे आहे तेच लिहिलं असणार की."

बायका हसल्या. सुपरवायझरही हसला. मग त्याने सांगितलं, की फुलं घेणाऱ्या बड्या कंपनीचा साहेब महिनाअखेरीला तपासणीला येणार, आणि जो माणूस औषध कालवतो त्याला डब्यावरचं इंग्रजी वाचता आलं पाहिजे असा त्यांचा नियम. "नाही आलं तर माझा नाइलाज आहे. औषधखोलीची किल्ली दुसऱ्याला द्यावी लागेल. तुम्हाला निंदणीला लावू. तिथं वाचायबिचायची भानगड नाही."

अठरा वर्षं औषधवाला ती खोली सांभाळत होता. अठरा वर्षांत एक झाड जळलं नव्हतं. झाकणाच्या रंगावरून, वासावरून, डबा हलवला की आत जे डचमळतं त्या आवाजावरून तो औषध ओळखायचा. पाण्यात टाकलं की ते दुधासारखं कसं पसरतं त्यावरून ताजं की जुनं ते सांगायचा. हे सगळं त्याला सुपरवायझरला सांगायचं होतं, पण तोंडातून एवढंच आलं, "बघू." आणि तो डबा घेऊन खोलीकडे चालू लागला. पाठीमागे एका बाईने दुसरीला विचारलं, "ह्या वयात शाळेत जायचे का हे?" आणि परत हशा पिकला.

घरी तो आणि सून, दोघंच. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा लग्नानंतर आठ महिन्यांनी कामासाठी बंदराच्या शहरात गेला, त्याला आता तीन वर्षं होत आली होती. पहिल्या वर्षी आठवड्याला फोन यायचा, दुसऱ्या वर्षी महिन्याला. आता कधी यायचा ते कुणी मोजत नव्हतं. तिकडे त्याने दुसरं बिऱ्हाड केलंय असं गावात बोललं जायचं. घरात ते कधी कुणी बोललं नाही.

तसं घरात काहीच बोललं जात नव्हतं. सासरा आणि सून, मधे बोलणारं तिसरं माणूस नाही, म्हणून दोघांनी बोलायची एक पद्धत पाडून घेतली होती. एकमेकांचं नाव नाही, तू नाही, तुम्ही नाही. ती चुलीकडे तोंड करून म्हणायची, "पाणी तापलंय." तो दाराकडे बघून म्हणायचा, "उद्या लवकर निघायचंय." बोललेलं वाक्य खोलीत पडायचं आणि ज्याचं त्याने उचलायचं. तीही त्याच बागेत पॅकिंगला होती, देठ कापायची, वीस-वीसच्या जुड्या बांधायची. पण तो उजाडायच्या आधी निघायचा आणि ती सातला, त्यामुळे वाटेवरही गाठ नसायची.

त्या संध्याकाळी त्याने औषधाच्या खोक्यातलं घडीचं पत्रक खिशातून काढलं, जमिनीवर सरळ केलं आणि भिंतीला सांगितलं, "ह्यावर काय लिहिलंय कळत नाही."

भिंत काही बोलली नाही. सुनेने हात पदराला पुसले, पत्रक उचललं आणि दिव्याखाली धरून वाचायला लागली. न अडखळता. एका दमात खालपर्यंत. औषधवाला तिच्याकडे बघतच राहिला. तीन वर्षांत तिचा एवढा आवाज त्याने एकदम ऐकला नव्हता.

"तुला येतं हे?"

"बारावीपर्यंत होतं. वर्गात दुसरा नंबर होता माझा."

"मग कधी बोलली नाहीस ते."

"कुणी विचारलंच नाही," ती म्हणाली. त्यात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच ते त्याला लागलं.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुरू झाली. दिवेलागणीला तो हातपाय धुऊन बसायचा, ती समोर बसायची, मधे पत्रक. ती वाचायची, तो मागून म्हणायचा. शेक वेल बिफोर यूज. कीप अवे फ्रॉम चिल्ड्रन. जीभ वळायची नाही. अठरा वर्षं मास्कच्या आत बंद राहिलेलं तोंड ते. पण माणूस चिवट होता. फवारताना मास्कच्या आत पुटपुटायचा, एका ओळीच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक वाक्य. आठ दिवसांत खोलीतल्या सातही डब्यांची पत्रकं त्याला यायला लागली. नवव्या दिवशी तो ऐटीत बसला, पत्रक हातात घेतलं आणि धडाधड सुरू झाला. पॉयझन म्हणाला, स्वॉलोड म्हणाला, कुठे थांबला नाही.

सून ऐकत होती. मग तिने हळूच हात पुढे केला आणि त्याच्या हातातलं पत्रक उलटं केलं, वरचं खाली. औषधवाला तसाच पुढे वाचत राहिला.

तिने ओठ दाबले. खांदे हलायला लागले. मग तिला आवरेना आणि ती हसली, मोठ्याने, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. औषधवाल्याने आधी तिच्याकडे बघितलं, मग पत्रकाकडे, आणि काय झालं ते कळल्यावर त्याचे कान लाल झाले. रागवावं असं वाटलं, पण तिला हसताना बघून राग काही येईना. तोही हसला.

"मामंजी, हे पाठांतर झालं. वाचणं नाही."

"साहेबाला काय कळणार?"

"त्याने डबाच बदलला तर?"

तिने तिच्या पेटीतून जुनं शाळेचं पुस्तक काढलं, कोपरे दुमडलेलं, आणि सुरुवातीपासून सुरुवात केली. अक्षर, मग शब्द, मग वाक्य. आता तो रोज हरायचा. जे अक्षर एका शब्दात एक बोलतं तेच दुसऱ्यात तोंड शिवून बसतं, ह्याचा त्याला मनापासून संताप यायचा. "बोलायचं नाही तर मग लिहायचं कशाला? बसायला जागा दिली, कामाला हात लावत नाही. आपल्या सुपरवायझरसारखं." ती परत हसायची. पण हळूहळू त्याच्या हे ध्यानात आलं, की ती हसते आहे, बोलते आहे, आणि ते बोलणं आता चुलीकडे बघून होत नाही.

एकदा त्याने विचारलं, "शेक म्हणजे हलवा. हलवायचं कुणी, ते कुठे लिहिलंय?"

"लिहीत नाहीत. जो वाचतो त्यालाच सांगितलेलं असतं. इंग्रजीत हुकूम असाच असतो, समोरचं माणूस धरून चालायचं."

"आपल्या घरासारखं."

"हो," ती म्हणाली, "आपल्या घरासारखंच."

"आणि समोरचा मोठा असला तर? अहो-जाहो?"

"तिकडे सगळ्यांना यूच. लहान असो, मोठा असो."

"बरंय. म्हणजे साहेबाला अरे म्हटलं तरी चालेल," औषधवाला म्हणाला. त्या रात्री जेवताना तिने पहिल्यांदा त्याच्या ताटाकडे न बघता त्याच्याकडे बघून विचारलं, अजून वाढू का. लहान गोष्ट होती. पण पोट भरलं असूनही त्याने ताट पुढे केलं.

आणि ह्याच कौतुकात त्याने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. सुपरवायझरने विचारलं, अभ्यास कुठवर आला, तर तो बोलून गेला, "सून शिकवते. वर्गात दुसरी होती. फाडफाड वाचते." सुपरवायझरने भुवया उंचावल्या. तीन दिवसांनी तो औषधखोलीच्या दारात आला आणि एक इंग्रजी कागद पुढे केला.

"काका, मालकांनी नवी बाग घेतलीये, इथून दोन दिवसांच्या वाटेवर. तिथल्या पॅकिंगला इंग्रजी वाचणारी बाई पाहिजे. राहायला खोली देतायत. तुमच्या सुनेला हा कागद द्या. तिचं ती वाचेल. पंचवीस तारखेच्या आत काय ते सांगा, त्यानंतर दुसरीकडे बघू."

औषधवाल्याने कागद घेतला. हात औषधाचे होते म्हणून त्याने तो आधी हातमोज्यांच्या खोक्यात ठेवला. संध्याकाळी काढून नेऊ, असं म्हणाला. संध्याकाळी म्हणाला, उद्या. उद्याच्या दिवशी त्याला वाटलं, सुपरवायझरचा काय भरवसा, कागदात भलतंच काही असेल, पोरीला उगाच आशा लावायची. कागदात खरंच काय आहे ते आधी आपण बघावं. निदान स्वतःला त्याने असंच सांगितलं.

मग दुपारच्या सुट्टीत खोलीचं दार लोटून तो कागद काढायचा. हातमोजे काढून, हात साबणाने धुऊन. एक ओळ घ्यायची, तिच्यातला ओळखीचा शब्द शोधायचा. रूम कळलं. वुमन कळलं. रीड तर कळलंच. जे कळलं नाही ते अक्षर न् अक्षर मनात धरून तो घरी न्यायचा आणि डब्यावर होतं म्हणून तिला विचारायचा.

"मस्ट आणि मे, ह्यात फरक काय?"

"मस्ट म्हणजे केलंच पाहिजे. मे म्हणजे केलं तर चालेल, तुमची मर्जी."

तो रात्री पडल्यापडल्या विचार करत होता, की कागदात मस्ट आहे, पण ते वाचता येण्याबद्दल आहे. येण्याबद्दल मे आहे. म्हणजे आलंच पाहिजे असं काही नाही. त्या एका शब्दाने त्याचा जीव दोन दिवस भांड्यात पडल्यासारखा झाला.

दोन दिवसांनी त्याने विचारलं, "अकोमोडेशन म्हणजे?"

"राहायची सोय." तिने मान वर केली. "औषधाच्या डब्यावर राहायची सोय?"

"नवीन डबा आलाय."

"कोळ्यांची सोय करतायत की काय?" ती म्हणाली आणि स्वतःच हसली. तोही हसला. इतक्या सहज तिने ते सोडून दिलं, की ती आपल्यावर किती विश्वास ठेवते ते त्याला दिसलं. ते दिसायला नको होतं.

महिन्याच्या विसाव्या दिवशी जुन्या पुस्तकातला एक धडा निघाला. दोन वाक्यं शेजारी शेजारी होती. एकातला माणूस शहरात गेला आहे, दुसऱ्यातला जाऊन आला आहे. मराठीत फोड करून तिने सांगितलं, पहिला अजून तिकडेच आहे, दुसरा परत आपल्या घरी आहे. औषधवाल्याने दोन्ही वाक्यं बोटाखाली धरून वाचली. मग बराच वेळ बोट उचललं नाही.

"त्याचा फोन येत नाही का तुला?" त्याने विचारलं. तीन वर्षांत पहिल्यांदा.

"दिवाळखोर झालेल्या दुकानासारखं आहे ते, मामंजी. पाटी आहे, आत काही नाही." ती पुस्तकाच्या कोपऱ्याशी चाळा करत होती. "तिकडे त्याचं घर आहे. मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे."

त्याने बोट पानावरून उचललं.

"मला जायचंय इथून. माहेरी नाही, तिथं वहिनीचं राज्य आहे. कुठेही. काम करेन, खोली घेऊन राहीन. जिथं रोज उठून कुणी विचारणार नाही, काय गं, फोन आला का." मग तिला एकदम संकोच वाटला असावा. "तुम्हाला सोडून जायचं म्हणून नाही म्हणत. सहज बोलले."

"हां," औषधवाला म्हणाला. तेव्हा कागद हातमोज्यांच्या खोक्यात होता आणि हातात पाच दिवस होते. त्याने फक्त एवढं म्हणायचं होतं, की तुझा एक कागद आहे माझ्याकडे. त्याऐवजी तो म्हणाला, "पुढचं वाक्य घे."

तेविसाव्या दिवशी दुपारी त्याने कागद वरपासून खालपर्यंत वाचला. एकही शब्द सोडला नाही. इंग्रजीची अक्षरं पहिल्यांदा आपोआप बोलली, त्याला मागून ढकलावी लागली नाहीत. काय काम, कुठे, खोली कशी, कुणाला भेटायचं, कधीच्या आत. सगळं. बासष्टाव्या वर्षी, कुणाच्या मदतीशिवाय, एक अख्खं पान. छाती भरून आली. उठून कुणाला तरी सांगावं असं वाटलं, आणि ज्या एका माणसाला सांगावं त्या माणसाला हे सांगता येत नव्हतं. डब्यांच्या मांडणीसमोर स्टुलावर तो एकटाच बसून राहिला. बाहेर पाण्याची मोटर बंद करायची राहिली होती आणि टाकी भरून पाणी वाहत होतं.

चोवीस तारखेला त्याने कागद शर्टाच्या खिशात घातला आणि घरी नेला. आज द्यायचाच. ती दारात बसून वाट बघत होती. त्याच्यासाठी तिने एक वही केली होती, कोऱ्या पानांना दोरा घालून, वर जाड पुठ्ठा. त्यात तिने तपासणीला साहेब विचारेल असे प्रश्न लिहिले होते आणि खाली उत्तरं. डोळ्यात गेलं तर काय कराल. सांडलं तर काय कराल. तिने प्रश्न विचारले, त्याने उत्तरं दिली, एकदाही अडखळला नाही.

"झालात तुम्ही पास," ती म्हणाली. तिचा चेहरा इतका उजळला होता, की औषधवाल्याने खिशावर हात ठेवला आणि तसाच ठेवला. उद्या हे असं बसणार कोण? आपण घरी येणार, कुलूप काढणार, दिवा लावणार, आणि खोलीत दुसरा आवाज नाही. बायको गेल्यावरचे पहिले सहा महिने कसे काढले ते त्याला आठवलं. त्याला भीती वाटली. साधी, लहान मुलाला वाटते तशी. कागद खिशातच राहिला.

पंचविसाला सुपरवायझरने शेडमध्ये गाठलं. "काय म्हणते सून?"

"नको म्हणते," औषधवाला म्हणाला. मास्क तोंडावर होता. "घर सोडून कशी जाईल?"

"विचारलंत ना नीट?"

"विचारलं की."

किती सहज निघालं तोंडातून. दोन उत्तरं, आणि तीही कुठे न अडता.

अठ्ठावीस तारखेला साहेब आला. उंच, घामाने निथळणारा, सतत रुमालाने मान पुसणारा. मालक मागे, सुपरवायझर पुढे, आणि पॅकिंगच्या लांब टेबलापाशी सगळ्या बायका हातातलं काम न थांबवता तिरक्या नजरेने बघत होत्या. साहेबाने मांडणीवरचा डबा घेतला नाही. स्वतःच्या पिशवीतून एक वेगळाच डबा काढला, पिवळ्या झाकणाचा, औषधवाल्याने जन्मात न पाहिलेला. औषधवाल्याने तो घेतला. त्याने डबा दूर धरला, मग जवळ, आणि वाचला. हळू, पण वाचला. साहेबाने डोळ्यात गेलं तर काय करता असं विचारलं, तेव्हा तो ताठ उभा राहून म्हणाला, "आय वॉश. फिफ्टीन मिनिट्स. देन डॉक्टर."

साहेब हसून म्हणाला, "गुड, व्हेरी गुड." मालकाचा चेहरा खुलला. पॅकिंगमधल्या एका बाईने चक्क टाळ्या वाजवल्या आणि मग बाकीच्यांनीही वाजवल्या. औषधवाल्याने टेबलाच्या टोकाला बघितलं. तिथे त्याची सून कात्री हातात धरून उभी होती आणि तिचे डोळे भरले होते.

"ह्याचं श्रेय कुणाला, माहितीये का?" सुपरवायझर मालकाकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "ह्यांच्या सुनेला. ती बघा. नव्या बागेसाठी हिलाच कागद दिला होता आपण. खोली देत होतो. पण नको म्हणाली. सासऱ्याला सोडून जाणार नाही म्हणाली."

"केवढी माया," एक बाई म्हणाली. "आजकाल पोटच्या लेकीसुद्धा करत नाहीत."

सून हलली नाही. मला कागद मिळालाच नाही, असं ती म्हणाली नाही. तिने फक्त एकदा औषधवाल्याकडे बघितलं. डोळ्यांतलं पाणी तसंच होतं, पण आता ते कशासाठी होतं ते बदललं होतं. मग तिने मान खाली घातली आणि पुढ्यातली जुडी कापली. देठ बोटभर आखूड कापला गेला. तिने ती जुडी बाजूला टाकली, दुसरी घेतली, तीही आखूडच कापली.

औषधवाल्याला पाठीवर थापा पडत होत्या. सुपरवायझरने तपासणीपुरती घेतलेली औषधखोलीची किल्ली सगळ्यांसमोर परत त्याच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "काका, तुम्ही आमची लाज राखली."

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा दिवा लागलेला होता आणि ती जमिनीवर बसली होती. समोर पुस्तक नव्हतं, वही नव्हती. तिने नुसता हात पुढे केला.

"कागद द्या."

त्याने खिशातून काढून दिला. घामाने त्याच्या घड्या पातळ झाल्या होत्या. तिने तो दिव्याखाली धरला आणि मोठ्याने वाचला. इंग्रजीतच. सावकाश, प्रत्येक शब्द स्वच्छ, जसं ती त्याला शिकवताना वाचायची. रूम आलं, वुमन आलं, मस्ट आलं, मे आलं. अकोमोडेशन आलं तेव्हा ती थांबली, तो शब्द तिने परत एकदा वाचला, आणि पुढे गेली. औषधवाल्याला सगळं कळत होतं. एकही शब्द आता त्याच्यावर दया करून गप्प बसला नाही.

"तुम्ही वाचला होता?"

"हो."

"सगळा?"

"सगळा."

तिने कागदाची घडी घातली. "म्हणजे माझं शिकवणं वाया गेलं नाही," ती म्हणाली.

"पोरी, माझी चूक झाली. घर खायला उठतं गं. एकट्याने मला–"

"मी तीन वर्षं काय करत होते, मामंजी?"

ती उठली आणि आतल्या खोलीत गेली. रडण्याचा आवाज येईल म्हणून तो कान देऊन बसला. आला नाही. आला असता तर बरं झालं असतं.

सकाळी कामाला लागायच्या आधी तो सुपरवायझरच्या टेबलापुढे जाऊन उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने हात जोडले. "तिने नको म्हटलं नव्हतं. मी तिला कागदच दिला नव्हता. तिला पाठवा. पाहिजे तर ही किल्ली घ्या."

सुपरवायझर त्याच्याकडे बघत राहिला. नंतर जे बोलला ते हळू, खरंच काकाशी बोलावं तसं बोलला. "काका, तुम्ही सांगितलं त्याच दिवशी दुसरीला कळवलं. ती पोचलीसुद्धा. आता काय करू मी? किल्लीचं काय करू? साहेब तर तुमचं नाव लिहून घेऊन गेला."

त्याने घरी येऊन तिला तेवढंच सांगितलं. विचारलं होतं, जागा भरली. ती भांडी घासत होती. "बरं," म्हणाली. आणखी एकदा कधी असा कागद निघाला तर ती स्वतः जाऊन विचारेल, सुपरवायझरला तसं सांगून आली आहे, एवढं तिने सांगितलं. आवाज चढवला नाही. ताट वाढलं, पाणी ठेवलं, सगळं वेळच्या वेळी. त्याचे कपडे धुतलेले असायचे, मास्कचं फडकंसुद्धा. कुणी बाहेरचं येऊन बघतं तर म्हणालं असतं, घर कसं छान चाललंय.

कोळी हटला. पानं परत गुळगुळीत झाली. औषधवाला किल्ली कमरेला लावून हिंडायचा आणि नवीन डबा आला की बायका मुद्दाम त्याला वाचायला लावायच्या. तो वाचून दाखवायचा. घरी मात्र कुणी वाचायला बस म्हणत नव्हतं.

दहाव्या की अकराव्या दिवशी त्याला राहवलं नाही. दिवेलागणीला त्याने हातपाय धुतले, तिने बांधलेली वही काढली आणि नेहमीच्या जागी बसला. ती पलीकडे भिंतीशी टेकून त्याचा फाटलेला शर्ट शिवत होती. त्याने खाकरून वाचायला सुरुवात केली. एक पान वाचलं, दुसरं वाचलं. सगळं बरोबर आलं. ती काही बोलली नाही, कारण बोलण्यासारखं काही नव्हतं.

तिसऱ्या पानावर डोळ्यात औषध गेल्याचा प्रश्न होता. त्याला तो झोपेतही येत होता. त्याने मुद्दाम चुकीचा वाचला. हँड वाचलं, आय असताना. पूर्वी असं झालं, की शब्द पुरता तोंडाबाहेर पडायच्या आत ती म्हणायची, "मामंजी, नीट बघा." तिची सुई थांबली. हे त्याने वहीवरून नजर न उचलता पाहिलं. सुई दोऱ्यासकट हवेत थांबली होती.

तो थांबला. त्याने ते वाक्य परत वाचलं, तीच चूक घेऊन, जरा मोठ्याने.

सुई कापडात शिरली आणि दुसरीकडून बाहेर आली. पुढचा टाका पडला, मग त्याच्या पुढचा. औषधवाल्याने अजून थोडी वाट बघितली, मग चूक तशीच ठेवून पान उलटलं आणि पुढचा प्रश्न वाचायला घेतला.